समुद्राची ऊब

पौष महिन्यातील पहाट. नवी मुंबईतील बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या बंदरावर कोळ्यांची लगबग चाललेली असते. पारसिकच्या डोंगराकडून मतलई वारा वाहत असतो आणि अंगावर चादर ओढून घ्यावी अशी थंडी पडलेली असते. अशा वेळी एखादा वृद्ध कोळी होडीच्या काठावरून वाकतो आणि खाडीच्या पाण्यात हात बुडवितो. पाणी त्याला चक्क कोमट लागते. थंडीने आखडलेली बोटे पाण्यात सैल होतात.

तोच कोळी वैशाखातील दुपारी त्याच बंदरावर परत येतो. आता होडीची फळी पायांना चटके देत असते. डोक्यावरचे ऊन सोसवत नाही. तो पुन्हा पाण्यात हात घालतो आणि या वेळी तेच पाणी त्याला गार वाटते. त्याच पाण्यात भिजवलेला पंचा डोक्यावर ठेवून तो पुढच्या कामाला लागतो.

हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार, ही समुद्राची किमया कोणती? वस्तुतः पाण्यात किमया काहीच नाही. वैशाखातले पाणी पौषातल्या पाण्यापेक्षा चांगलेच उबदार असते. परंतु हवा जितकी बदलते तितके पाणी बदलत नाही. हवेच्या मानाने ते हिवाळ्यात उबदार व उन्हाळ्यात थंड भासते, इतकेच. समुद्राच्या स्वभावातील हा संथपणा वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्यावर पोहणाऱ्याचे प्राण, मासेमाराची कमाई आणि कित्येक प्रदेशांचा पाऊस अवलंबून असतो.

पाणी तापण्यास आळशी आहे आणि निवण्यासही आळशी आहे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. तितक्याच कोरड्या वाळूला त्याच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढी उष्णता पुरते. शिवाय जमिनीवर पडलेले ऊन वरच्या थरातच अडकून राहते, तर पाण्यात ते बरेच खोलवर शिरते. लाटा आणि वारा वरचे तापलेले पाणी खालच्या पाण्यात सतत घुसळत असतात. त्यातून जे पाणी वाफ होऊन उडते, ते जाताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. या सर्व कारणांमुळे उन्हाने पोळलेली वाळू रात्री थंडगार पडते. समुद्र मात्र दिवसाची कमाई रात्रीसाठी आणि उन्हाळ्याची कमाई हिवाळ्यासाठी राखून ठेवतो.

याच संथपणामुळे समुद्राचे ऋतू सूर्याच्या मागून चालतात. उत्तर गोलार्धात सर्वांत लहान दिवस डिसेंबरच्या २२ तारखेच्या सुमारास येतो. पण मुंबईसमोरच्या अरबी समुद्राचे पाणी सर्वांत थंड होते ते जानेवारी-फेब्रुवारीत. त्या दिवसांत ईशान्येकडून येणारे कोरडे वारे पाण्याची वाफ करून त्यातील उष्णता हरण करतात व पाणी सुमारे २४ ते २५ अंशांपर्यंत उतरते. पुढे ते तापत जाते आणि मे महिन्यात सुमारे ३० अंशांना पोहोचते. मग मृगाचा पाऊस येतो. ढग सूर्याला झाकतात, नैर्ऋत्येचा सोसाट्याचा वारा पाणी ढवळून काढतो आणि समुद्र एक-दोन अंशांनी निवतो. पाऊस ओसरला, आश्विनातले ऊन पडू लागले, की तो पुन्हा थोडासा तापतो. अशा रीतीने या समुद्राला वर्षातून दोन उन्हाळे येतात. तरीही सर्वांत थंड व सर्वांत उष्ण महिन्यांच्या पाण्यातील अंतर पाच-सहा अंशांहून फारसे अधिक नसते. खाडीतील पाणी उथळ असल्याने तेथे हा फरक काहीसा जास्त पडतो.

पाण्याच्या या उबेचे मोल ज्यांना नेमके कळते, त्यांत लाटांवर स्वार होणारे खेळाडू येतात. या खेळाला सर्फिंग असे म्हणतात. खेळाडू एका लांबट फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मारीत समुद्रात दूर जातो, योग्य लाटेची वाट पाहतो आणि ती जवळ येताच फळीवर उभा राहून तिच्या उतारावरून किनाऱ्याकडे घसरत येतो. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवरील लोक शेकडो वर्षांपासून हा खेळ खेळत आले. तेथील ड्यूक कहानामोकू या जलतरणपटूने १९१२ च्या ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले आणि पुढे ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशांत जाऊन आपल्या बेटांचा हा खेळ लोकांना करून दाखविला. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, सर्फिंगला प्रथमच ऑलिंपिक खेळाचा मान मिळाला.

हा खेळ हवाईत बहरला यात आश्चर्य नाही. तेथील पाणी वर्षभर सुमारे २४ ते २७ अंश असते. लाटेवर स्वार होण्याचा आनंद काही क्षणांचा असतो. उरलेला सारा वेळ पाण्यात बसून वाट पाहण्यात जातो. पाणी थंड असेल तर ही प्रतीक्षा प्राणावर बेतू शकते. मनुष्याच्या शरीराची उष्णता सुमारे ३७ अंश असते आणि पाणी शरीरातील ऊब हवेच्या मानाने पंचवीसेक पट वेगाने ओढून घेते. म्हणून २५ अंशांची हवा सुखावह वाटते, पण २५ अंशांच्या पाण्यात काही तास राहिल्यास धडधाकट मनुष्यालाही हुडहुडी भरते. पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर उडी मारताच श्वास कोंडतो, छाती धडधडू लागते आणि पहिल्या एक-दोन मिनिटांतच नाकातोंडात पाणी जाण्याचा धोका असतो. १० अंशांच्या पाण्यात तर थोड्याच वेळात हातापायांतील बळ नाहीसे होते. उत्तम पोहणारासुद्धा मग हात हलवू शकत नाही. पोहण्याची विद्या मेंदूत शाबूत असते, पण स्नायू तिचा हुकूम पाळीत नाहीत.

कोणत्या किनाऱ्यावरचे पाणी किती थंड, हे केवळ नकाशातील अक्षांश पाहून सांगता येत नाही. कर्नाटकातील मुलकी हे गाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे तेरा अंशांवर आहे. भारतात सर्फिंगची सुरुवात झाली ती मुलकीसारख्या थोड्या ठिकाणी. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाची राजधानी लिमा ही विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे बारा अंशांवर आहे. सूर्य दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखाच तळपतो. तथापि मुलकीचे पाणी न्हाणीघरातल्या पाण्यासारखे उबदार, तर लिमाचे पाणी त्याहून सुमारे दहा अंशांनी थंड! याचे कारण पेरूच्या किनाऱ्याने दक्षिणेकडून वाहत येणारा थंड प्रवाह होय. वारा वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याची जागा घेण्यास खोल समुद्रातील गारठलेले पाणी वर येते. हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८०२ साली तेथील पाण्याचे तापमान मोजले. त्याच्याच नावाने तो प्रवाह आज ओळखला जातो.

याच्या उलट प्रकार युरोपात आढळतो. अमेरिकेच्या बाजूने निघालेला गल्फ नावाचा उष्ण प्रवाह अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंड व नॉर्वेच्या किनाऱ्यांना ऊब पुरवितो. बेंजामिन फ्रँकलिन याने १७७५ साली गलबतातून प्रवास करताना समुद्रात तापमापक बुडवून या प्रवाहाचा माग काढला होता. समुद्रात प्रवाह म्हणजे जणू नद्याच होत. फरक इतकाच की त्यांचे काठही पाण्याचेच असतात आणि ते काठ डोळ्यांपेक्षा तापमापकाला अधिक चांगले दिसतात.

गल्फ प्रवाहाची ऊब मिळूनही इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, हिवाळ्यात पाणी दहा अंशांच्या आसपास असते. आणि उत्तर अटलांटिकमध्ये मोठाल्या लाटा उठतात त्या नेमक्या हिवाळ्यातच. कारण तेथील वादळांचा ऋतू तोच. म्हणजे लाटा हव्या तर थंडी सोसावी लागते आणि ऊब हवी तर लाटांवाचून राहावे लागते. या अडचणीवर विज्ञानाने तोड काढली. ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन पदार्थविज्ञानशास्त्रज्ञाने १९५२ च्या सुमारास निओप्रीन नावाच्या सच्छिद्र रबराचा अंगाला चिकटून बसणारा पोशाख सुचविला. वेटसूट या नावाने तो पुढे सर्वत्र पसरला. या पोशाखात पाणी मुळीच शिरत नाही असे नाही, थोडे शिरते. परंतु ते त्वचा व रबर यांच्यामध्ये अडकून पडते आणि शरीराच्या उबेने तापते. रबरातील सूक्ष्म बुडबुड्यांत कोंडलेला वायू ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. गोधडी पांघरणाऱ्याला हे तत्त्व नवे नाही. गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ती आतली हवा आणि शरीराची ऊब धरून ठेवते. अशा पोशाखाच्या बळावर आज नॉर्वेच्या बर्फाळ किनाऱ्यावरही माणसे लाटांशी खेळतात.

कोकणच्या किनाऱ्यावर निसर्गाने याहून वेगळा डाव मांडला आहे. येथे मोठ्या लाटा पावसाळ्यात उठतात आणि त्या वेळी पाणी २८ अंशांच्या आसपास, म्हणजे चांगलेच उबदार असते. येथे रबरी पोशाखाची गरज भासत नाही. परंतु हीच ऊब फसवी ठरते. थंड पाणी मनुष्याला पहिल्याच स्पर्शात सावध करते. उबदार पाणी तसे करीत नाही. ते त्याला पुढे बोलावते. आषाढातील समुद्र पायांना कोमट लागला, तरी त्याच्या पोटात किनाऱ्याकडून आत खेचणारे ओढ्यांसारखे प्रवाह असतात. दरवर्षी पावसाळ्यात किनाऱ्यावर सहलीला आलेले कितीतरी तरुण या ओढीत सापडून बुडतात. त्यांना थंडीने मारलेले नसते, त्यांच्या गैरसमजाने मारलेले असते. उबदार पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, हा तो गैरसमज होय.

कोळी समाज या काळात समुद्रावर जात नाही. जून व जुलै हे दोन महिने महाराष्ट्राच्या समुद्रात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. श्रावणातील नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करावा आणि मगच होड्या लोटाव्यात, हा रिवाज तर त्या कायद्याहून पुष्कळ जुना आहे. या विश्रांतीत मासळीची वाढ होते आणि माणसाचा जीवही वाचतो.

खुद्द नवी मुंबईला मात्र लाटांचे दर्शन क्वचितच घडते. हे शहर खुल्या समुद्रावर वसलेले नाही. ठाणे खाडी व पनवेल खाडी यांच्या काठी ते उभे आहे. पश्चिमेस मुंबई आडवी पसरली असल्याने समुद्रावरून येणाऱ्या लाटा तिच्यावरच आपटून शांत होतात. त्यातच मुंबईसमोरचा भूखंडमंच फार रुंद आहे. त्या उथळ तळावरून येतायेताच लाटांचे पुष्कळसे बळ खर्च होते. नवी मुंबईच्या काठावर म्हणून भरती-ओहोटी, चिखल आणि कांदळवन यांचे राज्य चालते. हिवाळ्यात दूरदूरहून येणारे रोहित पक्षी याच चिखलात लांब पाय रोवून उभे असतात.

लाटा नसल्या तरी या पाण्यात दुसरी एक कसोटी पाहिली जाते. नवी मुंबईच्या दक्षिणेस असलेल्या धरमतर खाडीपासून मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापर्यंत सुमारे ३६ किलोमीटर पोहून जाण्याचा विक्रम महाराष्ट्रातील अनेक मुलामुलींनी केला आहे. पावसाळा सरला आणि समुद्र शांत झाला, की असे प्रयत्न होतात. पाण्याची ऊब त्यांना साथ देते. तरी पहाटेच्या काळोखात निघून कित्येक तास पाण्यात काढताना त्यांनाही शेवटी थंडीशी झगडावे लागते.

इंग्लंड आणि फ्रान्स यांमधील खाडी पोहून जाणाऱ्यांपुढे तर ही थंडी शत्रू म्हणूनच उभी असते. तेथील पाणी ऐन हंगामातही १६ ते १८ अंशांहून फारसे वर जात नाही आणि परंपरेच्या नियमानुसार रबरी पोशाख चालत नाही. मॅथ्यू वेब याने १८७५ च्या ऑगस्टमध्ये ही खाडी प्रथम पार केली. मिहिर सेन हा पहिला भारतीय २७ सप्टेंबर १९५८ रोजी ती पोहून गेला. पुढच्याच वर्षी बंगालच्या आरती साहा हिने प्रयत्न केला. २७ ऑगस्ट १९५९ रोजी किनारा काही मैलांवर असताना प्रवाहाने तिला अडविले आणि तिला माघार घ्यावी लागली. ती खचली नाही. २९ सप्टेंबरला ती पुन्हा पाण्यात उतरली आणि १६ तास २० मिनिटे पोहून पलीकडे पोहोचली. ही खाडी पार करणारी ती पहिली आशियाई स्त्री होय. या तिन्ही पराक्रमांचे महिने ध्यानात घेण्याजोगे आहेत. सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये येतो. मग हे पोहणारे ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत का थांबले? कारण समुद्र सूर्याच्या मागून चालतो. जूनचे ऊन पाण्यात मुरून त्याची ऊब वर यावयास ऑगस्ट उजाडतो. धैर्याला ज्ञानाची जोड असावी लागते, ती अशी.

समुद्राची ऊब जशी पोहणाराचे भवितव्य ठरविते, तशीच ती सबंध प्रदेशाचेही ठरविते. पेरूच्या कोळ्यांना फार पूर्वी असे आढळले, की काही वर्षी नाताळाच्या सुमारास त्यांचे थंड पाणी एकाएकी उबदार होते आणि मासे नाहीसे होतात. या घटनेला त्यांनी एल निनो, म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. पुढे शास्त्रज्ञांना उमगले, की ज्या वर्षी पॅसिफिक असा तापतो, त्या वर्षी भारतातील पाऊस पुष्कळदा ओढ देतो. लिमाच्या कोळ्याच्या हाताला लागलेली ऊब मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या आभाळापर्यंत पोहोचते, ती अशी.

अरबी समुद्रही अलीकडच्या दशकांत पूर्वीपेक्षा तापला आहे. चक्रीवादळ पोसण्यास पाण्याला साडेसव्वीस अंशांहून अधिक ऊब लागते आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती या समुद्रात विपुल असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आदळले आणि रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. पुढील वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते हे वादळ मुंबईला हादरवून गुजरातकडे गेले; त्या वेळी खोल समुद्रात कामगारांची एक मोठी नौका बुडून अनेकांचे प्राण गेले. समुद्राची जी ऊब पौषातल्या पहाटे कोळ्याची बोटे सैल करते, तीच वैशाखाच्या अखेरीस वादळाचे इंधन होते.

म्हणूनच आज समुद्राच्या तापमानावर अहोरात्र नजर ठेवली जाते. उपग्रह आकाशातून पाण्याची ऊब टिपतात आणि समुद्रात तरंगणारी यंत्रे तिची नोंद करतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या नोंदींवरून मासे कोठे सापडण्याचा संभव आहे, लाटा किती उंच उठतील, याची सूचना कोळ्यांना देते. जेथे थंड व उबदार पाणी एकमेकांस भेटते, तेथे माशांचे खाद्य गोळा होते आणि त्यामागून मासे येतात, हे तत्त्व त्या सूचनेच्या मुळाशी असते. गोव्यातील दोनापावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थाही या समुद्राच्या अभ्यासात गढलेली आहे.

दिवाळे गावचा तरुण कोळी आज होडी लोटण्यापूर्वी हातातील भ्रमणध्वनीवर समुद्राची वार्ता पाहतो. त्याच्याशेजारी उभा असलेला वृद्ध मात्र वाकून पाण्यात हात बुडवितो, क्षणभर थांबतो आणि वाऱ्याकडे तोंड करतो. दोघेही एकच प्रश्न विचारीत असतात: आज समुद्र कसा आहे? ज्या दिवशी दोघांचे उत्तर जुळते, त्या दिवशी होडी निश्चिंतपणे बंदर सोडते. ज्या दिवशी जुळत नाही, त्या दिवशी शहाणे लोक ती काठालाच बांधून ठेवतात.

स्वाध्याय

१. समुद्राचे पाणी पौषात कोमट व वैशाखात गार का भासते?
२. मुलकी व लिमा या ठिकाणांच्या पाण्यात एवढा फरक कशामुळे पडतो?
३. ‘समुद्र सूर्याच्या मागून चालतो’ या विधानाचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. उबदार पाणी फसवे ठरते, असे पाठात का म्हटले आहे?
५. गोधडी व वेटसूट यांतील साम्य सांगा.
६. एका भांड्यात पाणी व दुसऱ्यात तितकीच वाळू घेऊन दोन्ही भांडी तासभर उन्हात व नंतर तासभर सावलीत ठेवा. दोन्हींचे तापमान मोजून काय आढळले ते आपल्या वहीत लिहा.